हॉटेलचे बुकिंग करताना शहराचा कोणता भाग टाळावा, हे कसे ठरवावे

अनोळखी शहरात जायचे ठरले की "अमुक भागात राहू नका" असा सल्ला चटकन मिळतो. मात्र त्या भागातली नेमकी कोणती गल्ली, कोणत्या वेळी आणि कशासाठी टाळायची, हे सांगणारा क्वचितच भेटतो. शहराचा एखादा भाग सरसकट वाईट असतो, असे सहसा होत नाही. सकाळी ज्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते तोच रात्री साडेअकराला निर्मनुष्य होतो, आणि ज्या चौकाचे नाव काढताच लोक नाक मुरडतात त्याच्या दोन गल्ल्या पलीकडे कुटुंबांची बिऱ्हाडे निवांत नांदत असतात. म्हणून हॉटेल निवडताना शहराच्या नकाशावर लाल रंगाचे मोठे पट्टे ओढत बसण्यापेक्षा, आपण रात्री ज्या स्टेशनवर किंवा थांब्यावर उतरणार आहोत तिथपासून हॉटेलच्या दारापर्यंतचे शेवटचे पाचशे मीटर तपासावेत, असे माझे मत आहे. खाली जे सांगितले आहे ते बहुतांशी या पाचशे मीटरांविषयीच आहे.

या मताला अभ्यासाचाही आधार आहे. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात पोलिसांकडे आलेल्या मदतीच्या दूरध्वनींची पत्त्यांनुसार मोजणी केली आणि १९८९ मध्ये ती प्रसिद्ध केली. शहरातील केवळ ३ टक्के पत्त्यांशी त्यांतले निम्मे दूरध्वनी निगडित होते. याचा अर्थ असा, की बदनाम समजल्या जाणाऱ्या भागातही बहुतेक इमारतींत काही घडत नाही, आणि चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या भागातही एखादा कोपरा असा असतो की तिथे पोलिसांची गाडी आठवड्यातून चारदा येते. सॅन फ्रान्सिस्कोत युनियन स्क्वेअर हा दुकानांचा, पर्यटकांचा चौक आहे; तिथून पश्चिमेकडे तीन-चार चौक चालत गेले की टेंडरलॉइन लागते, जिथे बेघर माणसे आणि उघड्यावर चालणारा अमली पदार्थांचा व्यवहार रोजचा आहे. त्या पट्ट्यातले हॉटेल स्वतःच्या जाहिरातीत कोणत्या चौकाचे नाव घेईल, हे वेगळे सांगायला नको. फ्रँकफर्टमध्ये तर मुख्य रेल्वे स्थानकाच्या दर्शनी दारातून बाहेर पडताच बानहोफ्सफिअर्टेल सुरू होते. हॉटेलांनी गजबजलेला आणि व्यापारी प्रदर्शनांना येणाऱ्यांच्या सोयीचा हा भाग आहे, आणि त्याच भागातील काही गल्ल्यांत नशा करणाऱ्यांचे घोळके दिवसाढवळ्या दिसतात. अशा ठिकाणी "भाग चांगला की वाईट" या प्रश्नाला उत्तरच नसते. हॉटेलचे दार कोणत्या गल्लीत उघडते, एवढेच विचारता येते.

आपल्याला नेमके काय टाळायचे आहे?

नकाशा उघडण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा, कारण "सुरक्षित भाग" या दोन शब्दांत लोक चार-पाच निरनिराळ्या गोष्टी कोंबतात. मारहाण आणि लुटालूट ही एक गोष्ट. पाकीटमारी ही दुसरी. रात्रभर चालणारा गोंगाट ही तिसरी. आणि संध्याकाळनंतरचा शुकशुकाट ही चौथी. यांच्या जागा वेगवेगळ्या असतात, इतकेच नव्हे तर बऱ्याचदा एकमेकींच्या विरुद्ध असतात.

पाकीटमारीचेच पाहा. खिसेकापू गरीब वस्तीत बसून राहत नाही, तो गर्दी असते तिथे जातो. बार्सिलोनातील ला राम्ब्ला हा रस्ता पाकीटमारीसाठी कुप्रसिद्ध आहे. तरीही तिथे दिवसभर हजारो लोक फिरतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे काहीही जात नाही. अशा जागी राहायचे की नाही हे भीतीवर नव्हे, तर गर्दीतून रोज सामान घेऊन जाण्याच्या त्रासावर ठरवावे. पाकीट आतल्या खिशात ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे आणि त्यासाठी हॉटेल बदलावे लागत नाही.

शुकशुकाटाकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक फसगत तिथेच होते. शहरांचे कचेऱ्यांचे भाग चकचकीत असतात, रस्ते रुंद आणि स्वच्छ असतात, आणि शनिवार-रविवारी तिथल्या हॉटेलांचे दर आश्चर्य वाटावे इतके उतरतात. दर उतरण्याचे कारण साधे आहे: माणसे गेलेली असतात. लंडनच्या मध्यभागी असलेल्या 'सिटी ऑफ लंडन' या जुन्या व्यापारी भागात २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ८,६०० लोक राहत होते, आणि कामाला येणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या वर आहे. ही माणसे शुक्रवारी संध्याकाळी परतली की मागे काय उरत असेल, याची कल्पना करता येते. तिथे धोका असतोच असे नाही. पण रविवारी रात्री नऊ वाजता जेवणाची जागा शोधत बंद काचांच्या इमारतींमधून फिरणे सुखाचे नसते आणि रस्ता चुकल्यास विचारायला कोणी सापडत नाही. सोमवार ते गुरुवार मुक्काम असेल तर हाच भाग उत्तम ठरू शकतो. तेव्हा भागाबरोबर वारही पाहावा.

गोंगाट हा विषय झोपेचा असल्यामुळे तो हलक्याने घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या शिफारशींत रात्रीच्या आवाजाची सरासरी पातळी रस्त्यावरील रहदारीसाठी ४५, रेल्वेसाठी ४४ आणि विमानांसाठी ४० डेसिबलच्या खाली असावी, असे म्हटले आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमानुसार १ लाखाहून अधिक लोकवस्तीच्या नागरी भागांचे आवाजाचे नकाशे दर पाच वर्षांनी तयार केले जातात आणि ते लोकांसाठी खुले असतात. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी ते जरूर पाहावेत. असे नकाशे नसलेल्या शहरात उपग्रहचित्रावरून बराच अंदाज येतो. हॉटेलच्या पाठीमागे रुळांचे जाळे, शेजारी उड्डाणपुलाचे वळण, तळमजल्यावर ओळीने बार, किंवा गाड्या थांबून पुन्हा सुटतात असा मोठा सिग्नल दिसला, की खोली मागच्या बाजूची मागावी किंवा हॉटेल सोडून द्यावे. विमानतळाजवळ राहायचे असेल तर तिथे रात्रीची उड्डाणे होतात का, हे पाहावे. फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियोजित उड्डाणांना बंदी आहे, सर्वत्र तशी नसते. विमानतळाच्या नावात शहराचे नाव आहे एवढ्यावरूनही काही समजू नये. फ्रँकफर्ट-हान या नावाचा दुसरा विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे.

शेवटचे पाचशे मीटर

आता मुख्य कामाकडे वळू. बुकिंगच्या संकेतस्थळावर हॉटेलची खूण जिथे दिसते ती प्रमाण मानू नये. पत्ता घ्यावा, तो दुसऱ्या एखाद्या नकाशात घालावा आणि दोन्ही खुणा जुळतात का ते पाहावे. लहान हॉटेलांच्या बाबतीत खूण एखाद-दोन गल्ल्या सरकलेली असणे नवलाचे नाही, आणि मघाशी पाहिल्याप्रमाणे दोन गल्ल्यांनी पुष्कळ फरक पडतो. त्यानंतर स्टेशनपासूनचे अंतर पायी चालण्याच्या मार्गाने मोजावे. "मध्यवर्ती भागापासून ७०० मीटर" असे लिहिलेले असते ते पुष्कळदा सरळ रेषेतले अंतर असते, आणि सरळ रेषेला नदी, रूळ आणि महामार्ग दिसत नाहीत. चालण्याच्या मिनिटांबाबत जपानमध्ये एक छान शिस्त आहे: घरांच्या जाहिरातीत स्टेशनपासूनची मिनिटे लिहिताना एका मिनिटाला ८० मीटर हाच हिशेब धरावा लागतो. आपणही तोच हिशेब धरावा, आणि सोबत चाकांची बॅग असेल तर त्यात निम्म्याने भर घालावी.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. "स्टेशनपासून सहा मिनिटे" असे वाचून मी एकदा खोली घेतली होती. शेवटच्या गाडीने उतरलो तेव्हा पावणेबारा झाले होते. सहा मिनिटांचा तो हिशेब स्टेशनच्या मागच्या दाराने होता, आणि ते दार रात्री दहाला बंद होत असे. तशी पाटी दारावर व्यवस्थित लावलेली होती, वाचायला मात्र तिथपर्यंत जावे लागले. मग पुढच्या दाराने बाहेर पडून, उड्डाणपुलाला वळसा घालून, रस्त्याखालच्या भुयारी मार्गाने जायचे. त्या मार्गातला एक दिवा लुकलुकत होता आणि दुसरा गेलेला होता. बॅगेच्या चाकांचा दगडी फरशीवरचा खडखडाट इतका घुमत होता की पाठीमागून कोणी येत असेल तर ऐकू येणार नाही, म्हणून मी बॅग उचलून घेतली. पंचवीस मिनिटे लागली. कोणी अडवले नाही, काही गेले नाही, हॉटेलही नेटके होते. पण पुढच्या तीन रात्री मी त्याच रस्त्याच्या धास्तीने आठच्या आत परतत राहिलो, म्हणजे ज्या शहरासाठी गेलो त्याच्या संध्याकाळी हुकल्या. तो भाग कोणत्याही "टाळा" यादीत नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते.

हीच चाल घरबसल्या आधी करून पाहता येते. गूगलची रस्त्यावरची छायाचित्रे २००७ पासून उपलब्ध होत गेली आणि आता अनेक देशांतल्या शहरांत ती सापडतात. स्टेशनच्या दारात ती उघडावीत आणि एकेक पाऊल टाकत हॉटेलपर्यंत जावे. घाई करू नये. पदपथ सलग आहे की मध्येच संपतो, दिव्याचे खांब किती अंतरावर आहेत, भुयारी मार्ग किंवा पुलाखालची वाट घ्यावी लागते का, एका बाजूला लांबलचक कुंपण किंवा मोकळा भूखंड आहे का, हे पाहावे. त्यानंतर नजर वर न्यावी. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर पडदे, कुंड्या, वाळत घातलेले कपडे दिसले तर तिथे माणसे राहतात आणि रात्री खिडक्यांत उजेड असतो. वरचे सगळे मजले कचेऱ्यांचे किंवा गोदामांचे असतील तर सातनंतर वर कोणी नसते. तळमजल्यावर औषधाचे दुकान, वाण्याचे दुकान, केशकर्तनालय अशी रोजच्या गरजेची दुकाने असणे ही मला नेहमीच भरवशाची खूण वाटते. एकट्या शटरवरच्या रंगीत चितारकामावरून मात्र काही ठरवू नये. ते कित्येक सुखवस्तू भागांतही असते. छायाचित्राच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष छापलेले असते, ते पाहायला विसरू नये, कारण सहा वर्षांपूर्वीचा रस्ता आज तसाच असेल असे नाही. शिवाय ही छायाचित्रे दिवसा काढलेली असतात. रात्रीचा अंदाज घेण्यासाठी त्या रस्त्यावरील दुकाने आणि उपाहारगृहे किती वाजता बंद होतात, हे नकाशात एकेकाला टिचकी मारून पाहावे. अकरापर्यंत उघडी असलेली तीन-चार ठिकाणे वाटेवर असली तर रस्त्यावर वर्दळ असते. पहाटे चारपर्यंत उघडी असलेली दहा असली, तर सुरक्षिततेपेक्षा झोपेची काळजी करावी.

याच्या जोडीला शेवटच्या गाडीची वेळ पाहावी. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे चोवीस तास चालते, त्यामुळे तिथे हा प्रश्न सौम्य होतो. टोकियोत मध्यरात्र उलटल्यावर गाड्या थांबतात आणि पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. लंडनच्या काही मार्गांवर शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री २०१६ पासून गाड्या रात्रभर धावतात, इतर रात्री नाही. दूरच्या उपनगरातील स्वस्त खोली या वेळेमुळे महाग पडू शकते, कारण शेवटची गाडी चुकली की टॅक्सीचे भाडे दरातील फरक गिळून टाकते. रात्री दोन गाड्यांमध्ये किती वेळ जातो, हेही पाहावे. दिवसा पाच मिनिटांनी येणारी गाडी रात्री अर्ध्या तासाने येत असेल, तर तो अर्धा तास आपण फलाटावर एकटे काढणार आहोत.

आकडे आणि शेरे कसे वाचावेत

काही देशांत पोलीस स्वतः गुन्ह्यांचे नकाशे प्रसिद्ध करतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून रस्त्यागणिक मासिक नोंदी पाहता येतात. त्या उपयोगी आहेत, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून वाचाव्यात. पहिली अशी, की पीडितांची ओळख झाकण्यासाठी घटना नेमक्या घरावर न दाखवता जवळच्या ठरावीक बिंदूवर दाखवली जाते, त्यामुळे एका बिंदूवर जमलेला ढीग हा त्याच दारातला असेल असे नाही. दुसरी अधिक महत्त्वाची आहे: गुन्ह्यांचे दर बहुधा तिथे राहणाऱ्यांच्या संख्येने भागून काढतात. जिथे रहिवासी थोडे आणि रोज येणारे पर्यटक लाखोंनी आहेत, तिथला दर भयंकर दिसतो, कारण भागाकारातील खालची संख्या लहान असते. शहराचा मध्यभाग कोणत्याही यादीत "सर्वाधिक गुन्ह्यांचा" ठरतो तो पुष्कळदा याच हिशेबाने. एकूण आकड्याऐवजी प्रकार पाहावा. दुकानांतील चोऱ्या आणि सायकलचोऱ्या यांचा पाहुण्याशी फारसा संबंध नसतो, रस्त्यावरील लूट आणि हल्ले यांचा असतो.

पाहुण्यांचे शेरे वाचताना सरासरी गुण बाजूला ठेवावेत, कारण त्यांत न्याहारी, उशा आणि स्नानगृह यांचीच बेरीज असते. सर्वांत ताजे आणि सर्वांत कमी गुणांचे शेरे आधी वाचावेत, आणि शेऱ्यांत शोधण्याची सोय असेल तर "रात्री", "आवाज", "टॅक्सी", "स्टेशन", "एकटी" असे शब्द त्या भाषेत टाकून शोधावे. वाचताना घडलेली घटना आणि झालेला ग्रह यांची फारकत करावी. "दोन रात्री दाराशी दलाल पाठीस लागले", "गाडीची काच फोडली" या घटना आहेत. "भाग कसासाच वाटला", "बाहेरचे लोक फार दिसतात" हे ग्रह आहेत. त्यांतून लिहिणाऱ्याची ओळख होते, रस्त्याची नाही. गरिबी आणि धोका या एकच गोष्टी नव्हेत, आणि वेगळ्या वेषाच्या, वेगळ्या भाषेच्या माणसांची वस्ती म्हणजे टाळण्याचा भाग, असे धरून चालणाऱ्यांचे शेरे मी सरळ ओलांडून पुढे जातो. एकच तक्रार निरनिराळ्या महिन्यांत तीन-चार जणांनी केली असेल तर मात्र ती खरी मानावी.

जुन्या ख्यातीबद्दलही सावध असावे, कारण शहर बदलते त्यापेक्षा त्याची कीर्ती सावकाश बदलते. लंडनमधील किंग्ज क्रॉसचा परिसर १९८० च्या दशकात आणि पुढेही वेश्याव्यवसाय आणि अमली पदार्थांसाठी ओळखला जाई. २००७ मध्ये शेजारच्या सेंट पँक्रस स्थानकात पॅरिसहून येणारी युरोस्टार रेल्वे आली, गोदामांच्या जागी कचेऱ्या, महाविद्यालय आणि घरे उभी राहिली, आणि आज तिथले हॉटेल टाळण्याचे तसे कारण उरलेले नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरची गोष्टही अशीच. वीस वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या काकांचा सल्ला आदराने ऐकावा आणि तारीख घालून लिहून ठेवावा. उलटही होते: चांगले नाव असलेल्या भागात एखाद्या वर्षी मोठे बांधकाम निघते आणि रस्ता पत्र्यांच्या कुंपणाआड जातो, म्हणून शेरे गेल्या सहा महिन्यांतलेच धरावेत.

त्या शहरात कोणी ओळखीचे असेल तर "हा भाग चांगला आहे का?" असे विचारू नये. स्वतःच्या शहराला कोणी सहजी वाईट म्हणत नाही, आणि म्हणतो तो बहुधा ज्या भागात कधी गेलेलाच नसतो त्याला म्हणतो. "रात्री अकरा वाजता या स्टेशनपासून या पत्त्यापर्यंत तुम्ही स्वतः चालत जाल का, की टॅक्सी कराल?" असे विचारले की उत्तर एका शब्दात येते आणि ते बहुधा खरे असते.

हॉटेललाही विचारता येते, फक्त प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर "होय, आम्ही सुरक्षित आहोत" असे देता येणार नाही. रिसेप्शनवर रात्रभर माणूस असतो का. मुख्य दार किती वाजता बंद होते आणि त्यानंतर किल्लीने उघडते की घंटा वाजवावी लागते. रात्री उशिरा येणाऱ्यांना स्टेशनच्या कोणत्या दाराने यायला सांगता. टॅक्सी अगदी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते. एकट्याने प्रवास करणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, रस्त्याला लागून असलेली तळमजल्यावरची खोली नको, असे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे. चार प्रश्नांना चार नेमकी उत्तरे आली तर त्या हॉटेलला आपला रस्ता माहीत आहे, असे समजायला हरकत नाही. गुळमुळीत उत्तर आले, तर मी दुसरे हॉटेल पाहतो.

इतके सगळे एका बैठकीत होत नाही आणि तोवर खोल्या संपतात, म्हणून आधी विनाशुल्क रद्द करता येईल असे बुकिंग करून टाकावे आणि मग वरची तपासणी करावी. रद्द करण्याची मुदत सहसा हॉटेलच्या शहराच्या घड्याळाप्रमाणे मोजली जाते, आपल्या नव्हे. ती आपल्या वेळेत बदलून, मुदतीच्या एक दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावावी, आणि ती वाजली की ताजे शेरे पुन्हा एकदा उघडून पाहावेत.